फॉगिंगचा धूर आणि घरातले पाणी: डासांसाठी सोसायटीने पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

अंगणवेल

नमस्कार. आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आहे. चार इमारती आणि १८० सदनिका आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या 'ब' इमारतीत सात जणांना डेंग्यू झाला आणि त्यांपैकी दोन शाळकरी मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. येत्या सर्वसाधारण सभेपुढे कमिटीने असा ठराव ठेवला आहे की, जून ते नोव्हेंबर या काळात खासगी कंत्राटदाराकडून आठवड्यातून दोनदा फॉगिंग करून घ्यावे आणि त्यासाठी प्रत्येक सदनिकेकडून वेगळी वर्गणी घ्यावी. मी स्वतः कमिटीत आहे आणि या ठरावाबद्दल साशंक असलेली मी एकटीच आहे.

माझ्या शंकेचे कारण साधे आहे. गेल्या वर्षीही फॉगिंग झाले होते. धूर झाला, मुले त्याच्यामागे धावली, दम्याचा त्रास असलेल्या आजोबांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि रुग्ण मात्र वाढतच राहिले. तेव्हा हा खर्च योग्य आहे का आणि नसल्यास तेच पैसे कशासाठी वापरावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे. घरात कोणती उदबत्ती लावावी हा या धाग्याचा विषय नाही, एवढे आधीच नमूद करते.

तर्कटराव

फॉगिंगला नावे ठेवण्याची हल्ली पद्धत पडली आहे. आमच्या सोसायटीत चार वर्षांपासून नियमित फॉगिंग होते आणि ज्या संध्याकाळी ते होते, त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर निवांत बसू शकतो. उपाय अपुरा असेल, परंतु डोळ्यांना दिसणारा परिणाम नाकारण्यात काय अर्थ आहे? कमिटीने काहीतरी केले, हे सभासदांना दिसणेही महत्त्वाचे असते.

टवाळखोर

आमच्याकडे फॉगिंगचे यंत्र आले की बाहेरचे डास आमच्या घरात आश्रयाला येतात आणि अतिथी देवो भव या न्यायाने रात्रभर मुक्काम करतात.

कीटकनामा

टवाळखोर यांनी विनोदाने लिहिलेले वाक्य शास्त्राच्या बरेच जवळ जाणारे आहे.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास मुख्यतः घरातच राहतो. पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटात टांगलेल्या कपड्यांच्या आड, अशा अंधाऱ्या जागी तो विश्रांती घेतो. फॉगिंगच्या यंत्रातून डिझेलमध्ये मिसळलेल्या कीटकनाशकाचे अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि ज्या उडत्या डासाला ते प्रत्यक्ष लागतील तोच डास मरतो. धूर विरला की परिणामही संपतो. पाण्यातील अळ्यांना त्याने काहीच होत नाही. म्हणजे आज धूर केला तरी उद्या सकाळी कोषातून नवे डास बाहेर पडणारच आहेत. म्हणूनच साथ भडकलेली असताना, रुग्ण आढळलेल्या घरांच्या आसपास, विषाणू घेऊन फिरणारे प्रौढ डास तातडीने मारण्यासाठी हा उपाय राखून ठेवावा असे मानले जाते. सहा महिने आठवड्यातून दोनदा धूर करण्याने कीटकनाशकाला न जुमानणाऱ्या डासांची पैदास होण्याचा धोका मात्र नक्की वाढतो.

तर्कटराव, तुमचा अनुभव खोटा नाही. फक्त तुमच्या गच्चीवरचे डास वेगळे आहेत. संध्याकाळनंतर कानाशी गुणगुणणारा तो बहुतांशी क्युलेक्स डास असतो आणि त्याची पैदास गटारात, सेप्टिक टँकमध्ये, जलपर्णीने भरलेल्या संथ पाण्यात होते. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत. तो पायाशी, घोट्याजवळ चावतो आणि फारसा आवाजही करत नाही. सभासद तक्रार करतात ती रात्रीच्या डासांची आणि आजारी पडतात ते दिवसाच्या डासांमुळे. या दोहोंना एकच 'डास' समजून एकच कंत्राट दिले जाते, तिथेच सारा घोळ होतो.

अंगणवेल

कीटकनामा, आभारी आहे. हा भेद आमच्या कमिटीत कोणालाही ठाऊक नव्हता आणि मलाही नव्हता. कंत्राटदाराने पाठवलेल्या वेळापत्रकात फॉगिंगची वेळ सायंकाळी साडेसात ते साडेआठ अशी आहे, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजायचे तो डास तेव्हा विश्रांती घेत असणार.

जुना हिवतापवाला

मी जिल्हा हिवताप कार्यालयात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. त्यातील बहुतेक काळ लोकांच्या माठात आणि रांजणात टॉर्च मारण्यात गेला, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो.

ताई, तुमच्या इमारतीत डेंग्यू झाला असेल, तर तो डास बहुधा तुमच्याच आवारात जन्मलेला आहे. एडिस फार लांब उडत नाही. त्याचा वावर सहसा दोन-चारशे मीटरच्या आत असतो. शेजारच्या नाल्याकडे बोट दाखवणे सोपे असते, पण या डासाला नाल्याचे पाणी आवडत नाही. त्याला तुमच्या-माझ्या घरातले स्वच्छ, साठवलेले, हलवले न जाणारे पाणी लागते. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे, गच्चीवर टाकून दिलेले टायर आणि रंगाचे डबे, झाकण मोडलेली टाकी, लिफ्टचा खड्डा, वापरात नसलेल्या शौचालयाचे भांडे, या जागा आधी पाहाव्यात.

पाहायचे कसे, तेही सांगतो, कारण बरेच लोक वरवर नजर टाकून 'आमच्याकडे काही नाही' असे सांगतात. भांड्यावर झुकून टॉर्चचा प्रकाश टाकला की अळ्या वळवळत तळाशी जातात. तिथून हलू नये. दोन मिनिटे शांत उभे राहिले की श्वास घेण्यासाठी त्या पुन्हा वर येतात. स्वल्पविरामासारखे वाकडे, गोलसर डोक्याचे जीव दिसले, तर ते कोष आहेत आणि दोन दिवसांत त्यांचे डास होणार आहेत. अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो, त्याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट, जी पत्रकांत छापलेली असते पण कोणी वाचत नाही. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. भांडे घासणीने आतून खसाखसा घासले पाहिजे. आमच्या वेळचे एक साहेब म्हणायचे की, डेंग्यूचे खरे औषध काथ्याची घासणी आहे.

पेंच

वरील मुद्द्याला नागपूरकरांतर्फे दुजोरा. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस पडला की कूलर तसाच पाण्यासकट खिडकीत सोडून दिला जातो आणि दसऱ्याच्या साफसफाईपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला डेंग्यू झाल्यावर मी कूलरचे झाकण काढले, तेव्हा आतमध्ये अक्षरशः अळ्यांची शाळा भरलेली होती. आता पावसाळा लागताच टाकी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवतो आणि वाळ्याचे जुने पॅड टाकून देतो.

मांजराकाठ

जुना हिवतापवाला यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक कटू मुद्दा मांडतो.

कोरडा दिवस पाळण्यासाठी आधी नळाला पाणी यावे लागते. मी लातूरचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे सर्वांना आठवत असेल. ते वर्ष टोकाचे होते असे मानले तरी, आठ-दहा दिवसांनी एकदा नळ येणे मराठवाड्यातील कितीतरी गावांना नवे नाही. अशा घरातली बाई दोनशे लिटरचे पिंप भरून ठेवते, त्यावर आठ दिवस संसार चालवते आणि आठव्या दिवशी आरोग्यसेवक येऊन तिला सांगतो की, भांड्यात अळ्या आहेत, पाणी ओतून द्या. ती ते का ओतून देईल? तुमच्या पुण्याच्या सोसायटीत मनीप्लँटच्या बाटलीवर चर्चा होऊ शकते, आमच्याकडे तोच डास पिण्याच्या पाण्यात असतो. डास घराघरांत होतात हे खरे आहे, परंतु त्याचा दोष घराघरांवर टाकला की पाणीपुरवठ्याची जबाबदारी असलेले सगळे मोकळे होतात.

जुना हिवतापवाला

मांजराकाठ, तुमचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे आणि नोकरीत असताना ते मोठ्याने बोलता येत नव्हते, एवढेच.

बार्शीचे उदाहरण देतो. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती आणि पुण्याच्या विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला. ती साथ मार्च महिन्यातली होती. पावसाचा थेंब नाही, डबकी नाहीत, तरी साथ आली, कारण डास पावसाच्या पाण्यात नव्हे, तर घरात साठवलेल्या पाण्यात वाढत होता. तिथे काम केलेल्या वरिष्ठांकडून मी हे नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकले आणि तेव्हापासून डासांचा हंगाम म्हणजे पावसाळा, हे गृहीतक सोडून दिले.

पाणी ओतणे शक्य नसेल तिथे तीन गोष्टी चालतात. पहिली म्हणजे जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे दुहेरी कापड पिंपाच्या तोंडाला दोरीने घट्ट बांधणे. नुसते पत्र्याचे झाकण चालत नाही, फटीतून मादी आत जाते. दुसरी म्हणजे वापरायच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे. तिसरी म्हणजे टेमिफॉस हे अळीनाशक, ज्याला आमच्याकडे सगळे अ‍ॅबेटच म्हणतात. ठरलेल्या मात्रेत ते साठवणीच्या पाण्यात टाकता येते, परंतु त्याच्या वासामुळे आमची पाठ वळताच लोक ते पाणी गुरांना पाजत किंवा सडा घालत. सर्वांत टिकाऊ उपाय कापडाचाच, असे माझे मत झाले आहे. त्याला कोणाचे अनुदान लागत नाही आणि त्याची निविदाही काढता येत नाही, म्हणून बहुधा त्याचा कोणी प्रचारही करत नाही.

चाळकरी

पाणी आणि डास यांवरून मुंबईत एके काळी केवढा वाद झाला होता, ते सांगण्याचा मोह आवरत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत, विशेषतः फोर्ट भागात, हिवतापाने कहर केला होता. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी त्याची तपासणी करून १९११ मध्ये अहवाल दिला. हिवतापाचा डास म्हटले की दलदल आणि भातखाचरे डोळ्यांसमोर येतात, परंतु मुंबईतला अ‍ॅनाफिलीस स्टीफन्सी घरांच्या आवारातील विहिरींत, टाक्यांत आणि कारंज्यांत वाढत होता. तेव्हा नगरपालिकेने विहिरी बुजवण्याचे किंवा त्यांवर बंदिस्त झाकण घालण्याचे हुकूम काढले. त्यावर मोठी ओरड झाली. पारशी आणि हिंदू कुटुंबांत विहिरीच्या पाण्याला धार्मिक महत्त्व होते आणि विहीर बंद करणे अनेकांना मान्य नव्हते. चर्चगेटजवळची १७२५ मध्ये बांधलेली भिखा बेहराम विहीर आजही आपण पाहतो, परंतु तिच्या कितीतरी बहिणी डासांपायी मातीखाली गेल्या.

त्याहून जुनी गोष्ट रोनाल्ड रॉस यांची आहे. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात पाहण्याचा त्यांचा शोध २० ऑगस्ट १८९७ चा, सिकंदराबादचा. तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १८८३ मध्ये, ते बंगळूरला लष्करी डॉक्टर असताना त्यांना आपल्या बंगल्यात फार डास आढळले. खिडकीबाहेरच्या पिंपात अळ्या दिसल्या. त्यांनी पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. तेथल्या अ‍ॅडज्युटंटला, म्हणजे पलटणीच्या प्रशासकीय अधिकाऱ्याला, त्यांनी मेसमधली भांडीही अशीच रिकामी करावीत असे सुचवले, तेव्हा निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको म्हणून त्याने नकार दिला, असे रॉस यांनी आठवणींत लिहिले आहे. अंगणवेल, तुमच्या कमिटीची परंपरा किती जुनी आहे, ते पाहा.

अंगणवेल

चाळकरी, हा प्रतिसाद मी छापून सूचना फलकावर लावण्याच्या विचारात आहे, मात्र शेवटचे वाक्य वगळून.

मांडवीकाठ

चाळकरी यांनी ज्या स्टीफन्सी डासाचा उल्लेख केला, त्याने आम्हा गोंयकारांनाही चांगलेच छळले आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पणजीत हिवताप फारसा नव्हता. मग इमारतींची बांधकामे वाढली. स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवलेले असायचे, तळघरात पाणी, कामाच्या जागीच मजुरांची वस्ती, आणि त्यांतले काही जण हिवतापग्रस्त भागांतून आलेले. डासाला पाणी आणि परजीवी दोन्ही एकाच जागी मिळाले. मजुराला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तो तर पहिला बळी होता. पुढे गोव्यात बांधकाम मजुरांची रक्ततपासणी करून आरोग्यपत्र देण्याची पद्धत आली.

गप्पी माशांबद्दल एक सावधगिरीची सूचना. गंबुसिया आणि गप्पी हे दोन्ही मासे परदेशी आहेत. १९२८ मध्ये गंबुसिया भारतात आणला गेला. बंदिस्त हौदात ते ठीक आहेत, परंतु तळ्यात किंवा ओढ्यात सोडले की स्थानिक माशांची अंडी-पिले फस्त करतात. गोव्यात संशोधकांनी इथल्याच एका इवल्याशा माशाचा, अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकीचा, आणि बीटीआय नावाच्या जिवाणूचा वापर करून स्टीफन्सीच्या अळ्यांवर प्रयोग केले होते. सोसायटीच्या कारंज्यासाठी हा जिवाणू उत्तम आहे. तो अळीच्या आतड्यात विषारी ठरतो, मासे आणि माणसे यांना बाधत नाही.

कीटकनामा

मांडवीकाठ यांच्या माहितीला एक जोड. हाच स्टीफन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूतीत सापडला आणि नंतर इथिओपियासह अन्य देशांत पसरला. आफ्रिकेतील हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा होता. पाण्याच्या टाक्यांत वाढणारा आपला हा शहरी डास तो आता शहरांत नेत आहे. निर्यातीच्या यादीत याचा समावेश नसता तर बरे झाले असते.

वैनगंगा

इतका वेळ शांतपणे वाचत होते. या धाग्यात डास म्हणजे टाकीतला डास असे सर्वांनी गृहीत धरले आहे, म्हणून गडचिरोलीची बाजू मांडते. महाराष्ट्रातील हिवतापाचे मोठे ओझे आमचा जिल्हा वाहतो आणि इथला डास ओढ्यांत, झिरप्यांत, भाताच्या बांधीत वाढतो. जंगलातला प्रत्येक झरा कोरडा करता येत नाही आणि कोणाला 'ताटली रिकामी करा' असे सांगण्यात काही अर्थ नसतो. इथे कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी, घरांच्या आतील भिंतींवर फवारणी, आणि ताप येताच आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन केलेली झटपट चाचणी, या तीन गोष्टींनी जीव वाचतात. फॅल्सिपॅरम या घातक प्रकारचा हिवताप मेंदूत गेला तर रुग्ण पाहता पाहता हातचा जातो. तालुक्याच्या रुग्णालयाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

मच्छरदाणीबद्दलही अनुभव सांगते. वाटप होते, परंतु मोहफुले वेचायला किंवा शेतावर राखणीला गेलेला माणूस रात्र जंगलात, मांडवाखाली काढतो आणि मच्छरदाणी घरी खुंटीवर असते. त्यामुळे आता आम्ही वाटपाच्या वेळी 'घरात कुठे बांधणार' यासोबतच 'रानात कुठे बांधणार' हेही विचारतो.

टवाळखोर

प्रथमच या धाग्यावर विनोद सुचत नाही. वैनगंगाताई, नमस्कार स्वीकारावा.

कडुलिंब

मी डॉक्टर आहे. प्रतिबंधाबद्दल जाणकारांनी लिहिले आहेच. मी आजाराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण दरवर्षी त्याच चुका पाहतो.

डेंग्यूत धोका ताप चढलेला असतानाचा नसतो, तर उतरतानाचा असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप कमी होतो, घरातील मंडळी निर्धास्त होतात, आणि नेमके तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, विलक्षण मरगळ, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. केवळ प्लेटलेटचा आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवण्याचा आग्रह धरू नये. रक्तस्राव होत नसेल तर तो आकडा बराच खाली जाईपर्यंत त्याची गरज नसते. पपईच्या पानांच्या रसामागे धावताना द्रवपदार्थ देणे आणि लक्षणांवर लक्ष ठेवणे मागे पडते, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आणखी एक. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली असे नव्हे. दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग अधिक गंभीर होऊ शकतो. अंगणवेल, तुमच्या इमारतीतील ते सात जण या वर्षी सर्वांत जास्त सावध असले पाहिजेत. आणि इमारतीत गर्भवती स्त्रिया असतील तर झिकाही लक्षात असू द्या. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण आढळला आणि २०२४ मध्ये तो पुणे शहरातही सापडला.

तर्कटराव

सगळे मान्य केले तरी माझा व्यावहारिक प्रश्न उरतोच. फॉगिंगसाठी कोणाच्या घरात शिरावे लागत नाही. तुमची टॉर्च आणि घासणीची योजना १८० घरांची दारे उघडली तरच चालणार. आमच्याकडे मीटर तपासायला आलेल्या माणसाला लोक दारातूनच परत पाठवतात. 'तुमच्या घरात अळ्या आहेत' हे ऐकून घेण्याची कोणाची तयारी असते?

सातासमुद्रापार

तर्कटराव, मी अकरा वर्षांपासून सिंगापूरला राहते. इथे सरकारी निरीक्षक पूर्वसूचना न देता येतात, कुंड्यांखालच्या ताटल्या पाहतात, कपडे वाळवायचे बांबू ज्या नळ्यांत अडकवतात त्या नळ्याही तपासतात आणि अळ्या सापडल्या तर दंड करतात. मी स्वतः एकदा त्या नळ्यांपायी दंड भरला आहे आणि तो अपमान अजून विसरलेले नाही. तरीही २०२० मध्ये इथे ३५,००० हून अधिक लोकांना डेंग्यू झाला. तेव्हा केवळ दंडाने सर्व काही साधते, असेही मी म्हणणार नाही.

२०१६ पासून इथे वोलबाखिया नावाचा जिवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी मीलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. आमच्या जिन्यात हे नर मोकळे सोडताना पाहिले, तेव्हा आईने पुण्याहून फोनवर विचारले की, सरकार पैसे देऊन डास का सोडत आहे. तिला समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

कीटकनामा

इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे थोडी वेगळी पद्धत वापरली गेली. तिथे माद्याही सोडल्या, जेणेकरून तो जिवाणू स्थानिक डासांतच पिढ्यानपिढ्या टिकून राहावा आणि विषाणूची वाढ रोखावी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटलेले आढळले. पुदुच्चेरीच्या आपल्या डास-संशोधन संस्थेनेही असे डास प्रयोगशाळेत तयार केले आहेत. परंतु हे सोसायटीच्या पातळीवर करण्याचे काम नव्हे, म्हणून फार लांबवत नाही. तर्कटराव यांचा दरवाजाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

जुना हिवतापवाला

आमच्यापाशी होते. दारात उभे राहून 'तपासायला आलो आहे' असे कधी म्हणायचे नाही. 'जरा तुमचा फ्रिज मागून दाखवता का, आमच्याकडे अळ्या सापडल्या, तुम्ही एकदा बघून घ्या' असे म्हणायचे. आणि जमल्यास घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाच्या हातात टॉर्च द्यायची. त्याने स्वतःच्या घरात अळी शोधली की पुढच्या आठवड्यापासून तो आईवडिलांना सोडत नाही.

अंगणवेल

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

जुना हिवतापवाला काकांच्या सूचनेप्रमाणे आम्ही दोन रविवार मुलांच्या तुकड्या केल्या. १८० पैकी १२६ घरांनी दार उघडले. तर्कटराव, तुमच्या अंदाजापेक्षा हा आकडा बरा आहे. १९ घरांत अळ्या सापडल्या. त्यांतील बहुतेक फ्रिजच्या ट्रेमध्ये आणि मनीप्लँटच्या बाटल्यांत होत्या. तीन घरांच्या खिडक्यांबाहेर एसीचे पाणी जमवणाऱ्या बादल्या होत्या आणि हे पाणी झाडांना घालणारे सभासद सोसायटीतील सर्वांत पर्यावरणप्रेमी म्हणून ओळखले जातात. परंतु सर्वांत मोठा साठा कोणाच्याच घरात नव्हता. 'ब' इमारतीच्या गच्चीवर जुनी, वापरात नसलेली सौर पाणीतापकाची टाकी आडवी पडली होती आणि तिच्या पोटात पावसाचे पाणी साचले होते. तिच्यात एवढे कोष होते की, मुलांनी मोजणे सोडून दिले. ती हलवण्याचा ठराव चार वर्षांपूर्वी मंजूर झाला होता, असे इतिवृत्तात सापडले. शिवाय दोन्ही लिफ्टच्या खड्ड्यांत पाणी होते.

सभेत खूप वाद झाला. फॉगिंगचे कंत्राट पूर्णपणे रद्द झाले नाही. रुग्ण आढळला तरच, त्या इमारतीपुरते, सकाळी सातच्या आत आणि घरांच्या आतही फवारणी होईल असे ठरले. वाचलेल्या पैशांतून लिफ्टच्या खड्ड्यांचे पंप, टाक्यांची नवी झाकणे आणि आठवड्याला फेरी मारणाऱ्या माणसाचे वेतन भागेल. टाकी दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला दिली.

एक प्रश्न उरला आहे. सेप्टिक टँकच्या वायुनलिकांना जाळी बांधायची आहे. बाजारातली प्लास्टिकची जाळी उन्हात फार टिकत नाही असे प्लंबर म्हणतो. काय वापरावे?

जुना हिवतापवाला

नायलॉनची जुनी मच्छरदाणी फाडून दुहेरी करावी आणि नलिकेच्या तोंडावर सुतळीने नव्हे, तर तारेने आवळून बांधावी. सुतळी दुसऱ्या पावसात कुजते. दिवाळीत एकदा आणि मे महिन्यात एकदा बदलावी. बांधण्याआधी नलिकेत चिमणीचे घरटे नाही ना, ते पाहून घ्यावे.

टवाळखोर

घरटे असल्यास पुढील सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा लागेल. इतिवृत्ताच्या वेगाने पिले तोपर्यंत उडून गेलेली असतील.